बादलीचा गेम कोण विकत घेणार? तऱ्हेवाईक गेमच्या मार्केटिंग-बजेटचं गणित

माटुंग्याच्या एका कॉलेजच्या फेस्टमध्ये आम्ही टेबल मांडलं होतं. एक लॅपटॉप, उधार आणलेले दोन कंट्रोलर आणि मागे सेलोटेपने चिकटवलेलं पोस्टर. एक मुलगा आला, त्याने कंट्रोलर उचलला, दहा सेकंद इकडेतिकडे हलवून बघितलं आणि विचारलं, "यात मी कोण?" माझा पार्टनर म्हणाला, "बादली." मुलगा खो खो हसला आणि मागे वळून ओरडला, "ए, इकडे या रे, मी बादली आहे!" पाच मिनिटांत टेबलाभोवती आठ जण.

आमचा गेम असा: गिरगावातली चाळ. नळाला पाणी पहाटे पाच ते पावणेसहा. रात्रीच रांगेत लावून ठेवलेल्या बादल्या माणसं झोपली की एकमेकींना ढकलत पुढे सरकतात. त्यातली निळी, कडी तुटलेली बादली म्हणजे तुम्ही. दोघांनी मिळून चौदा महिन्यांत बनवला. विकण्यासाठी १ लाख ८० हजार रुपये बाजूला काढले आणि त्यातला जवळजवळ पाव हिस्सा फुकट घालवला. बादलीच्या गेमचा पैसा पाण्यातच जायचा, असं आई म्हणते.

तुमच्याही डोक्यात असलंच काही विचित्र शिजत असेल आणि ते स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, आणायचं असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी. मोबाइल गेमचं गणित निराळं असतं, त्यात मी पडत नाही.

सुरुवातीलाच हाताशी हवं ते:

- पॅन कार्ड, आणि त्यावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळणारं बँक खातं
- त्या शाखेचा स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे यायला लागतो; प्रत्येक शाखेला नसतो, विचारून घ्या)
- आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असलेलं कार्ड
- दोघं-तिघं असाल तर भागीदारीचा लेखी करार, भले मित्र असाल तरी
- खेळतानाचं चित्रण करायला ओबीएस, एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्ह. दोन्ही फुकट मिळतात
- एक स्प्रेडशीट, आणि ती रोज भरणारा एक माणूस

१. आधी समजून घ्या की पैसा नक्की कशासाठी लागतो

मोठ्या गेमचं मार्केटिंग म्हणजे आठवण करून देणं. २००९ मध्ये 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २' आला तेव्हाच्या बातम्यांनुसार बनवायला ४ ते ५ कोटी डॉलर लागले होते, आणि जाहिराती, वितरण वगैरे धरून एकूण आकडा २० कोटींच्या घरात गेला होता. बनवण्यापेक्षा विकण्यावर कितीतरी जास्त. पण त्या जाहिरातीला काय समजावायचं होतं? काहीच नाही. गेम काय आहे ते लोकांना ठाऊक होतं, फक्त तारीख सांगायची होती.

तऱ्हेवाईक गेमला आठवण करून देता येत नाही, कारण आठवायला मुळात काही नसतं. तिथे समजावून सांगावं लागतं. आणि जाहिरात नावाची गोष्ट समजावण्यात फार कच्ची असते.

२००५ चा 'सायकोनॉट्स' घ्या. लोकांच्या मनात शिरून फिरणारा मुलगा, समर कॅम्प, विनोद. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण अमेरिकेच्या बाजारात वर्षअखेरपर्यंत लाखभर प्रतीही खपल्या नाहीत. पुढच्याच वर्षीचा 'ओकामी', शाईच्या फटकाऱ्यांनी रंगवलेल्या जगातली लांडगीण. त्याचंही कौतुक झालं, पण बनवणारा क्लोव्हर स्टुडिओ बंद करायचा निर्णय त्याच्या मालक कंपनीने, कॅपकॉमने त्याच वर्षी जाहीर केला. दोन्ही गेम पुढे डिजिटल दुकानांत वर्षानुवर्षं विकले गेले. गेम तेच होते. फरक एवढाच की २००५ मध्ये दुकानातल्या फळीवर काही आठवडेच जागा मिळायची, आणि तेवढ्यात लोकांना कळलं नाही तर माल परत. लॅमिंग्टन रोडवर ज्यांनी डिस्क घेतल्यात त्यांना आठवत असेल, नवं आलं की जुनं तळाच्या खोक्यात.

म्हणजे त्या गेमना पैशाइतकाच वेळही कमी पडला. आज वेळ स्वस्त आहे. स्टीमवरचं गेमचं पान कायम राहतं. 'अमंग अस' जून २०१८ मध्ये आला आणि स्ट्रीमर मंडळींनी, म्हणजे गेम खेळताना लाइव्ह दाखवणाऱ्यांनी, २०२० मध्ये उचलून धरला.

आता लगेच "चांगला गेम आपोआप चालतो" अशा समजुतीत जाऊ नका. आम्ही गेलो होतो. २०२४ या एका वर्षात स्टीमवर १८ हजारांहून जास्त गेम आले. दिवसाला पन्नास धरा. तुमच्या लाँचच्या दिवशीचे उरलेले एकोणपन्नास लोकही स्वतःच्या गेमला चांगलाच म्हणत असतात.

२. उलटं गणित मांडा

"मार्केटिंगला किती ठेवू?" असं विचारू नका. "हा रुपया परत यायला किती प्रती विकाव्या लागतील?" असं विचारा.

आम्ही किंमत ८ डॉलर ठेवायचं ठरवलं. स्टीमचा वाटा ३० टक्के. (१ कोटी डॉलरच्या पुढे तो कमी होतो, ती चिंता आपण सध्या बाजूला ठेवू.) शिवाय बरेच लोक सवलतीत घेतात, भारत-ब्राझीलसारख्या देशांत किंमत कमी असते, काही देशांत कर वजा होतो, काही प्रती परत येतात. सगळं जाऊन प्रतीमागे सरासरी ३ डॉलर हाती पडतील असं धरलं, साधारण २५५ रुपये. १ लाख ८० हजार भागिले २५५ म्हणजे सातशेच्या वर. नुसतं मार्केटिंग वसूल करायला सातशे बादल्या.

हा आकडा मी कपाटाच्या दारावर चिकटवला होता. कोणीही खर्चाची गोष्ट काढली की आम्ही त्याचं भाषांतर बादल्यांत करायचो. "पाच हजारांचा बॅनर" म्हटलं की खर्च किरकोळ वाटतो, "वीस बादल्यांचा बॅनर" म्हटलं की हात आखडतो.

आमची वाटणी शेवटी अशी झाली: स्टोअरवरच्या चित्रासाठी २५ हजार, ट्रेलरसाठी ३०, अनुवादासाठी ३५, जाहिरातींना ४०, प्रवास आणि प्रदर्शनांना २०, राखीव ३०. आज पुन्हा मांडली तर जाहिरातींचे ४० काढून ट्रेलरला आणि राखीवला देईन. प्रमाण काय असावं याचं सूत्र माझ्याकडे नाही. बनवण्याच्या खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं तरी पहिल्या महिन्यापासून वेगळ्या खात्यात ठेवा, नाहीतर ते बनवण्यातच विरघळतं.

३. कागदपत्रं आधी उरका

स्टीमवर प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरावे लागतात. ही पद्धत २०१७ पासून आहे. गेमने १,००० डॉलरची कमाई केली की ते परत मिळतात. पैसे भरल्यापासून गेम प्रसिद्ध करता येईपर्यंत ३० दिवसांची सक्तीची वाट बघावी लागते, आणि 'लवकरच येत आहे' हे पान किमान दोन आठवडे लोकांना दिसत असायला हवं. पान आणि गेम दोन्हीची तपासणी होते, प्रत्येकी तीन ते पाच कामाचे दिवस धरा.

सापळा पहिला: कार्ड. नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, ॲपमध्ये जाऊन चालू करावे लागतात. आमचं पेमेंट तीनदा फसलं, मग हे लक्षात आलं.

सापळा दुसरा: नाव. पॅनवर माझं नाव वडिलांच्या नावासकट, बँकेत नुसतं नाव-आडनाव. महाराष्ट्रात ही भानगड घरटी एक. पडताळणी अडकली, बँकेत अर्ज, अकरा दिवस.

करासाठी ऑनलाइन मुलाखतवजा फॉर्म भरावा लागतो. वैयक्तिक नावाने असाल तर डब्ल्यू-८बेन हा अमेरिकी कराचा फॉर्म. त्यात पॅन नंबर देऊन भारत-अमेरिका कर-कराराचा लाभ मागा. अमेरिकेतल्या विक्रीवरची कपात मग ३० ऐवजी १५ टक्के होते. घाईत तो रकाना रिकामा सोडू नका. जीएसटीबद्दल सीएलाच विचारा. "परदेशी प्लॅटफॉर्मवरून सॉफ्टवेअरची कमाई" एवढं सांगितलं की तो पुढचं विचारेल.

एक गंमत. खात्याचं काम करायला बँकेत गेलो तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी 'गेमिंग' शब्द ऐकून आवाज खाली आणला आणि विचारलं, "रमी का?" २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा आल्यापासून या शब्दाला वास यायला लागलाय. अर्जावर "व्हिडिओ गेम सॉफ्टवेअर बनवणे व विकणे" असं लिहा, आणि फोनवर एखादं चित्र तयार ठेवा. मी बादली दाखवली. बाईंनी शेजारच्या काउंटरवरही दाखवली.

४. पाच सेकंदांत समजेल असं करा (पैसा इथे घाला)

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे रेंगाळतो.

स्टीमवर माणूस पहिल्यांदा बघतो ते एक छोटं आडवं चित्र. त्याला कॅप्सूल म्हणतात. आमचं पहिलं कॅप्सूल मीच केलं होतं: पहाटेचा निळा अंधार, चाळीचा लांबलचक व्हरांडा, टोकाला एकच दिवा, आणि त्याखाली बादल्यांच्या सावल्या. मला ते अतिशय काव्यमय वाटलं. दहा जणांना फोनवर दाखवून विचारलं, "हा कसला गेम असेल?" सात जण म्हणाले, भुताचा. एकाने विचारलं, "विहिरीतून बाई येते का?"

मग पुण्याच्या एका चित्रकर्तीला २५ हजार दिले. तिने अंधार काढून टाकला. पिवळ्या पार्श्वभूमीवर निळी बादली, कडी लटकलेली, मागे लाल टमरेल आणि पितळी कळशी धक्काबुक्की करतायत. बादलीला डोळे काढायचे की नाही यावर आम्ही दोघं चार दिवस भांडलो. तिने डोळे न काढता कडीच भुवईसारखी वाकवली. गेमबद्दल मी जे इतके महिने सांगत होतो ते तिने एका कडीत सांगितलं. ज्यांना दाखवलं त्यांनी "बादल्यांचं भांडण?" असं विचारलं, म्हणजे गाडी रुळावर. माझ्या १ लाख ८० हजारांतले सगळ्यात कामाचे पैसे हे.

(कॅप्सूलवर पुरस्कारांचे शिक्के, परीक्षणांतली वाक्यं, "५०% सवलत" असलं काही टाकायला स्टीमने २०२२ पासून मनाई केलीय. गेमचं नाव आणि चित्र, बास.)

ट्रेलरचंही तेच. आमच्या पहिल्या ट्रेलरमध्ये आधी आमचं बोधचिन्ह, मग काळा पडदा, मग "मुंबई... एक शहर... जिथे पाणी..." अशी अक्षरं. चौदाव्या सेकंदाला पहिली बादली हलायची. तोपर्यंत बघणारा कांदिवलीला पोचलेला असतो.

दुसरा ट्रेलर थेट त्या फेस्टमधल्या प्रश्नावरून केला. पहिल्या सेकंदाला रांग दिसते. अक्षरं येतात: "तुम्ही कोण?" निळी बादली एक उडी मारते. "बादली." तिसऱ्या सेकंदाला ती टमरेलाला ढकलून पाडते आणि वरच्या मजल्यावर दिवा लागतो. यात पैशापेक्षा त्या मुलाचा वाटा मोठा. म्हणून सांगतो, ट्रेलरवाल्याला पैसे द्यायच्या आधी वीस अनोळखी लोकांना गेम खेळायला द्या, तुम्ही मागे उभे राहा आणि तोंड बंद ठेवा. ते जिथे हसतात किंवा पहिला प्रश्न विचारतात, ते क्षण लिहून घ्या. ओळखीचे लोक चालत नाहीत. माझ्या मावसभावाला सगळंच "भारी" वाटतं.

पानावरचं छोटं वर्णन ३०० अक्षरांत बसवावं लागतं. त्यात कथा सांगू नका, हात काय करतात ते सांगा: ढकला, सरका, लपा, भरून घ्या. 'अनटायटल्ड गूज गेम' बघा: शांत गावात एक हंस आणि त्याचा वात्रटपणा. एका ओळीत संपलं. त्याचा पहिला व्हिडिओ २०१७ मध्ये फिरला आणि गेम सप्टेंबर २०१९ मध्ये आला. मधली दोन वर्षं लोक त्या एका ओळीवर थांबले.

तुमचा गेम एका ओळीत मावत नसेल तर कोणतंही बजेट त्याला सामावून घेणार नाही. तेव्हा गेमकडे परत जा. हे ऐकायला राग येतो, मलाही आला होता.

५. पान लवकर लावा

स्टीमवर लोक गेम विशलिस्टमध्ये टाकून ठेवतात. लाँचच्या दिवशी त्या सगळ्यांना ईमेल जातं, आणि पुढे २० टक्के किंवा जास्त सवलत दिली की पुन्हा जातं. एवढी फुकट जाहिरात दुसरीकडे कुठे नाही. म्हणून पान दोन आठवडे नव्हे, निदान सहा-आठ महिने आधी लावा. पण कॅप्सूल आणि ट्रेलर धड झाल्यावरच.

मजकुराचा अनुवाद करून घ्या. आख्ख्या गेमचा नाही जमला तरी पानाचा. सोप्या लिपीतली चिनी (सिम्प्लिफाइड चायनीज) आधी, कारण स्टीमवर इंग्रजीच्या जोडीने सगळ्यात मोठा गट तोच. आमच्या चिनी अनुवादकाने पहिल्याच दिवशी विचारलं, "माणसं पहाटे पाचला नळाजवळ का जातात? नळ घरात का नाही?" आम्ही गप्प. मग गेमच्या सुरुवातीला एक पाटी घातली: "पाणी ५ ते ५.४५." त्या पाटीने परदेशातल्या किती लोकांचा गोंधळ वाचला असेल! अनुवादक म्हणजे तुमचा पहिला परका वाचक, त्याच्या प्रश्नांचे वेगळे पैसे लागत नाहीत.

६. डेमो आणि नेक्स्ट फेस्ट

स्टीम नेक्स्ट फेस्ट म्हणजे येऊ घातलेल्या गेमच्या डेमोंचा ऑनलाइन मेळा. तो वर्षातून तीनदा होतो: फेब्रुवारी, जून, ऑक्टोबर. आत शिरायला डेमो लागतो, आणि एका गेमला आयुष्यात एकदाच भाग घेता येतो. त्यामुळे अर्धाकच्चा डेमो घेऊन "बघू तरी" म्हणून जाऊ नका. लाँचच्या आधीचा शेवटचा फेस्ट धरा, आणि डेमो त्याच्या काही आठवडे आधीच खुला करून चुका काढून घ्या.

पत्त्यांचा विचित्र गेम 'बालाट्रो' एकट्या माणसाने बनवलेला. डेमोतून लोकांना चटक लागली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आल्यावर महिन्याभरात दहा लाखांवर प्रती गेल्या. तुमचं तसं होईल असं नाही म्हणत. पण तऱ्हेवाईक गेम सांगून कळत नाही, हातात दिल्यावर कळतो, हे त्यातून नक्की दिसतं.

डेमो वीस-पंचवीस मिनिटांचा असावा आणि ऐन रंगात आल्यावर संपावा. शेवटी 'विशलिस्टमध्ये टाका' हे मोठं बटण. आमच्या पहिल्या डेमोत ते विसरलो होतो.

७. स्ट्रीमर आणि यूट्यूबवाले

गेमच्या 'की' म्हणजे फुकट प्रतींचे कोड बनवायला खर्च नाही, त्यामुळे वाटाव्याशा वाटतात. थांबा. पान लावल्यावर आठवड्यात तुम्हाला ईमेल यायला लागतील: "मी अमुक लाख फॉलोअरचा चॅनेल चालवतो, पाच की पाठवा." यातले बहुतेक लोक त्या की दुसरीकडे विकतात. ईमेलचा पत्ता खऱ्या चॅनेलच्या माहितीपानावरच्या पत्त्याशी ताडून बघा, एखादं अक्षर इकडेतिकडे असतं. क्युरेटर (स्टीमवर इतरांना गेम सुचवणारे) म्हणवणाऱ्यांना स्टीममधल्याच क्युरेटर कनेक्टमधून द्या.

उलट तुम्ही शोधायला निघा. तुमच्यासारखेच विचित्र गेम खेळणारे, दोन हजार ते पन्नास हजार प्रेक्षकांचे लोक. आम्ही दीडशे जणांची यादी केली, प्रत्येकाला वेगळं पत्र, त्याने खेळलेल्या एका गेमचा उल्लेख, चार ओळी, एक हलतं चित्र, की तिथेच. बावीस जणांनी खेळला. पार्टनरचे तीन आठवडे गेले, रुपया एकही नाही.

याच्या बरोबर उलट: एका एजन्सीने आगाऊ पैसे घेऊन रील करून दिलं. त्यात एक मुलगा बादली डोक्यावर घालून नाचतो. बघणारे भरपूर, पण गेम कुठे मिळतो ते एकालाही कळलं नाही.

८. जाहिराती सगळ्यात शेवटी, त्याही चाचणीपुरत्या

ते वाया गेलेले ४० हजार. त्यातलेच बारा त्या रीलला, उरलेले अठ्ठावीस सोशल मीडियाच्या जाहिरातींत, १८ टक्के जीएसटी धरून. आठ दिवस डॅशबोर्डवर आकडे नाचत होते, क्लिक हजारोंनी. विशलिस्ट वाढली २१० ने. विशलिस्टमधला प्रत्येक जण विकत घेत नाही हे लक्षात घ्या, आणि वसुलीला मात्र दीडशेच्या वर बादल्या विकायला हव्या होत्या.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. आम्ही जाहिरात भारतात लावली होती, बहुतेक मोबाइलवाल्यांना. त्यांच्याकडे स्टीमच नव्हतं.

करायचंच असेल तर असं करा: स्टीमच्या पानाच्या लिंकला यूटीएम टॅग लावा, म्हणजे कुठल्या जाहिरातीतून किती विशलिस्ट आल्या ते स्टीमच्याच आकडेवारीत दिसतं. एका वेळी तीन हजार, दोन वेगळी चित्रं, एकच देश. एका विशलिस्टला किती रुपये पडले ते काढा. ज्या चित्राला फुकटातही लोक शेअर करतायत, त्याच्याच मागे पैसा लावा. थंड पडलेल्या गोष्टीला पैशाने ऊब येत नाही, पेटलेल्या शेकोटीत मात्र लाकूड घालता येतं.

९. पब्लिशर घ्यावा का?

अनेक तऱ्हेवाईक गेमच्या मागे पब्लिशर, म्हणजे गेम बाजारात आणणारी कंपनी, होताच. हंसाच्या मागे पॅनिक, बालाट्रोच्या मागे प्लेस्टॅक. पुण्याच्या नॉडिंग हेड्सच्या 'राजी'ची २०१७ मध्ये किकस्टार्टरवरची लोकवर्गणीची मोहीम फसली. २०२० मध्ये निन्टेंडोने आपल्या कार्यक्रमात दाखवून त्याच दिवशी आपल्या स्विच या गेमयंत्रावर आणला आणि भारतीय गेमकडे जगाने वळून बघितलं. अशी खिडकी तुमच्या पैशाने मिळत नाही, ती दुसऱ्याच्या दारातच असते.

तेव्हा बोलणी करा, पण कराराची प्रत वाचताना एवढं विचारा: मार्केटिंगवर किमान किती खर्च करणार हे आकड्यात लिहिलंय का? तो खर्च आमच्या वाट्यातून आधी वसूल करणार का, आणि त्याला कमाल मर्यादा आहे का? गेमचे हक्क कोणाकडे? आम्हाला एका ठिकाणी "योग्य तो प्रयत्न केला जाईल" एवढंच लिहून मिळालं. सही केली नाही.

भेटायला आयजीडीसी ही भारतातल्या गेम बनवणाऱ्यांची परिषद बरी, तिथे खरोखर कामाची माणसं येतात. २०२५ च्या मे महिन्यात बीकेसीत वेव्हज ही मनोरंजन क्षेत्राची परिषद झाली तेव्हाही बरेच जण ओळखी करून गेले. अशा ठिकाणी प्रती विकल्या जात नाहीत. वडापाव आणि व्हिजिटिंग कार्ड, दोन्ही भरपूर न्या.

१०. तारीख

मोठ्या गेमच्या सावलीत उभे राहू नका. 'हॉलो नाइट: सिल्कसाँग'ने २०२५ च्या ऑगस्टमध्ये जेमतेम दोन आठवडे आधी ४ सप्टेंबरची तारीख जाहीर केली आणि कित्येक छोट्या गेमनी आपल्या तारखा पुढे ढकलल्या. शहाणपणा केला. जूनअखेरचा समर सेल आणि डिसेंबरअखेरचा विंटर सेलही टाळा, तेव्हा लोक जुन्याच गोष्टी स्वस्तात घेत असतात.

स्टीमचा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी दहाला उलटतो. आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. रात्र जागायची तयारी ठेवा, पावसाळा असेल तर दुसऱ्या नेटवर्कचं सिमही. आमच्या लाँचला पार्टनर डोंबिवलीत, मी गोरेगावात, आणि बरोबर अकरा वाजता त्याच्याकडची लाइट गेली.

लाँचची सवलत १० टक्के ठेवा. दिली की पुढचे ३० दिवस दुसरी देता येत नाही. पहिल्या दहा परीक्षणांवर पानावरचा शेरा ठरतो, तेव्हा ज्यांनी खरंच विकत घेऊन खेळलाय त्यांना परीक्षण लिहायची आठवण करून द्या. गेम छोटा असेल तर आणखी एक: चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. आमचा तीन तासांचा, म्हणून पहिल्या दोन तासांत एकही कंटाळवाणी पायरी राहू दिली नाही.

११. राखीव पैसा लाँचनंतर काढा

लाँचच्या आठवड्यात विक्री घसरली की हात शिवशिवतात. आमच्याही शिवशिवले. तीस हजार तसेच ठेवले.

अडीच महिन्यांनी ब्राझीलमधल्या एका स्ट्रीमरने, आमच्या यादीत नसलेल्या, गेम खेळला. त्याच्या भाषेत काहीच नव्हतं, तरी तो बादल्यांना नावं देऊन खेळत होता. दुसऱ्या दिवशी स्प्रेडशीटमध्ये ब्राझीलच्या रकान्यात विशलिस्टचा उंचवटा दिसला. त्याच आठवड्यात पोर्तुगीज अनुवादाला १८ हजार दिले, तीन आठवड्यांनी तो चढवला आणि त्याच दिवशी २५ टक्के सवलत लावली, म्हणजे विशलिस्टवाल्यांना ईमेलही गेलं. आमच्या पहिल्या वर्षातला दुसरा मोठा आठवडा तोच.

उरलेल्या बारा हजारांना अजून हात लावलेला नाही. स्प्रेडशीट रोज सकाळी पार्टनर भरतो.